बर्लिनला गेलेली अमरावतीची पोरं आणि रिद्धपूरची वही

१९३६ सालचं बर्लिन ऑलिम्पिक म्हटलं की आपल्याला साधारण दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे जेसी ओवेन्सची चार सुवर्णपदकं. दुसरी म्हणजे १५ ऑगस्टचा हॉकीचा अंतिम सामना, ज्यात ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला ८-१ असं धुतलं. तिसरी गोष्ट मात्र फारशी कुणाला माहीत नसते. त्याच ऑलिम्पिकच्या निमित्तानं बर्लिनमध्ये अमरावतीची पोरंही हजर होती!

ती पदकं मिळवायला गेली नव्हती. ऑलिम्पिकच्या जोडीनं जगभरातल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचं एक मोठं शिबिर तिथे भरलं होतं, आणि त्यात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं आपले देशी व्यायाम आणि खेळ करून दाखवले. मलखांब, लाठी, लेझीम, हुतूतू वगैरे. त्या वेळचं बर्लिन म्हणजे हिटलरचं बर्लिन, त्यामुळे तिथल्या प्रत्येक कार्यक्रमामागे प्रचाराचा हिशोब होताच, तो विसरून चालणार नाही. पण मला या गोष्टीत वेगळाच प्रश्न पडतो. वऱ्हाडातल्या एका गावातल्या आखाड्याला, स्वातंत्र्याच्या अकरा वर्षं आधी, युरोपात जाऊन 'हे बघा, आमच्याकडे शरीर घडवायची एक पद्धत आहे' असं सांगावंसं का वाटलं? आणि ती पद्धत नेमकी होती काय?

मी मूळचा रिद्धपूरचा. म्हणजे अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. अमरावती आम्हाला तासाभराच्या एस.टी.वर. 'मंडळ' म्हटलं की आमच्याकडे कुणी 'कुठलं मंडळ?' असं विचारत नाही. त्याच मंडळाचं आता इंजिनीअरिंग कॉलेजही आहे, म्हणजे आखाड्यातून सुरू झालेली गाडी शेवटी आमच्यासारख्यांपर्यंत येऊन पोचलीच. :-) असो. मुद्द्यावर येतो.

एकाच माणसाच्या डोक्यात

मंडळाची स्थापना १९१४ सालची. अंबादासपंत आणि अनंत कृष्ण वैद्य या दोघा भावांनी अमरावतीत तालीम सुरू केली. काळ कसला होता ते लक्षात घ्या. टिळक मंडालेहून त्याच वर्षी सुटून आले होते. अमरावतीत दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे खंदे साथीदार. तरुणांनी अंग कमावणं ही तेव्हा निव्वळ तब्येतीची गोष्ट नव्हती, त्याला राजकारणाचा वास होता. हुतात्मा राजगुरूही पुढे या मंडळात शिकून गेले.

तालमी तेव्हा गावोगावी होत्या. मग वैद्य बंधूंनी वेगळं काय केलं? माझ्या मते त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम १९२४ सालचं आहे. त्या वर्षी मंडळानं उन्हाळी वर्ग सुरू केला. ठरावीक मुदत, ठरावीक अभ्यासक्रम, आणि शिकून गेलेल्यानं आपल्या गावी जाऊन इतरांना शिकवायचं.

आता यात काय मोठं, असं वाटेल. पण आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. प्रत्येक कंपनीत एक जुना प्रोजेक्ट असतो, ज्यात सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं. काही लिहून ठेवलेलं नाही. तो माणूस रजेवर गेला की सगळ्यांचे देव पाण्यात. आखाड्यातला वस्ताद म्हणजे नेमका हा माणूस! डाव कधी शिकवायचा, कुणाला शिकवायचा, कुणाला शेवटपर्यंत शिकवायचाच नाही, हे सगळं त्याच्या मर्जीवर. शिवाय जात, घराणं, गाव यांची कुंपणं होतीच. आणि बायकांना तर बहुतेक तालमींच्या उंबऱ्याच्या आतही प्रवेश नव्हता. उन्हाळी वर्ग काढणं म्हणजे वस्तादाच्या डोक्यातलं ज्ञान अभ्यासक्रमात उतरवणं. नेमून दिलेल्या आठवड्यांत काय शिकवायचं हे ठरवायला लागलं की आधी काय, मग काय, आणि का, हे प्रश्न आपोआप उभे राहतात.

जवळपास त्याच सुमाराला बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार या एका माणसानं व्यायाम ज्ञानकोशाचं काम हाती घेतलं. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड मराठीत निघाले. दंड-बैठका, मलखांब, कुस्ती, देशी-परदेशी खेळ, सगळं. दहा खंड! आज आपण चार पानी माहिती लिहायचा कंटाळा करतो.

मलखांब बोलत नाही

आता या आखाड्याच्या ज्ञानात होतं काय? नमुना म्हणून मलखांब घेऊ.

मल्लांच्या खांबावरच्या सरावाचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात येतो. पुढे त्याला आजचं रूप आलं ते पेशवाईच्या शेवटी, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांमुळे. लाकडी खांब, वर निमुळता होत गेलेला, आणि त्याला एरंडेल तेल चोळलेलं. मूळ हेतू कुस्तीची तयारी. म्हणजे खांब हा प्रतिस्पर्धी समजायचा आणि त्याच्यावर पकडी, उड्या, सुटका करायच्या.

या खांबाचा गुण असा की तो बोलत नाही. पण पकड चुकली की लगेच घसरवतो. वस्ताद समोर नसला तरी चूक अंगाला कळते. आणि तेलामुळे, घामामुळे, हवेमुळे आजचा खांब कालच्यासारखा कधीच नसतो. रोज तोच डाव, पण दरवेळी थोडी वेगळी बेरीज-वजाबाकी.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण नेमक्या याच गोष्टीवर १९२०च्या दशकात मॉस्कोत एक माणूस डोकं घालून बसला होता. निकोलाय बर्नस्टाइन त्याचं नाव. तिथल्या श्रम संस्थेत तो हातोडा मारणाऱ्या कामगारांचं चित्रण करायचा. अंगाला छोटे दिवे लावायचे, वेगानं फोटो घ्यायचे आणि मग सांध्यांच्या वाटा मोजायच्या. त्याला वाटलं असेल की कसलेल्या कामगाराचा हात दरवेळी यंत्रासारखा एकाच वाटेनं जात असणार. निघालं भलतंच! हातोड्याचं टोक दरवेळी जवळपास त्याच जागी पडायचं, पण खांदा, कोपर, मनगट मात्र दरवेळी थोडं वेगळं काम करायचे. एकानं कमी केलं तर दुसरा भरून काढायचा. म्हणजे कसब हे हालचाल जशीच्या तशी छापण्यात नसतं. दरवेळी नव्यानं तोच प्रश्न सोडवता येण्यात असतं. बर्नस्टाइननं पुढे सरावाला 'पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती' अशा अर्थाचं नाव दिलं.

तेल लावलेल्या खांबावरच्या पोराला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, 'मग त्याच्यात नवीन काय?'

आता इथे एक धोका आहे, आणि तो मला टाळायचा आहे. 'आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं' या गाडीत बसायचा. आखाड्याला ही गोष्ट करता येत होती, पण ती का चालते हे माहीत नव्हतं. त्यामुळे तिच्याबरोबर न चालणाऱ्याही शंभर गोष्टी तेवढ्याच श्रद्धेनं चालू राहिल्या. कोणता व्यायाम उपयोगी आणि कोणता निव्वळ वस्तादाची लहर, हे वेगळं करायचं साधन आखाड्याकडे नव्हतं. जो पैलवान झाला त्याची गोष्ट राहिली. जो गुडघा मोडून घरी बसला, त्याची नोंद कुणी ठेवली?

मोजणारा माणूस

हे साधन पहिल्यांदा हातात घेणारा माणूसही आपल्याच भागातला निघतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३. १९०७ ते १९१० बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकरावांकडे शिकले, पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून काम केलं, आणि परमहंस माधवदास यांच्याकडे योग शिकले. इथपर्यंतची कहाणी नेहमीची. पुढची नाही.

या माणसाला प्रश्न पडला की नौली, उड्डियान करताना पोटात नेमकं होतं काय? जुन्या ग्रंथांचं वर्णन आहे, गुरूचं म्हणणं आहे, पण पोटात बघितलंय कुणी? मग त्यांनी क्ष-किरण लावले, दाब मोजायचं यंत्र लावलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, असं त्यांना आकड्यांत सापडलं. बस्तीमध्ये पाणी वर का ओढलं जातं, याचं साधं भौतिकशास्त्रातलं उत्तर मिळालं. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. त्यात प्रयोग छापले जायचे, तक्ते आणि क्ष-किरणांच्या चित्रांसकट.

१९२४ हे साल बघा. अमरावतीचा उन्हाळी वर्ग १९२४. लोणावळ्याची प्रयोगशाळा १९२४. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथनं खेळाडूंवरच्या संशोधनाची प्रयोगशाळा काढली १९२५ साली (ती १९३२ मध्ये बंदही पडली). बर्नस्टाइनचे हातोडे त्याच दशकातले. म्हणजे हा विषय जगात कुठेच अजून जन्माला आलेला नव्हता, सगळीकडे चाचपडणं चालू होतं, आणि त्या चाचपडण्यात आपण मागे नव्हतो. एका हाताला अमरावतीत शिकवायची पद्धत तयार होत होती, दुसऱ्या हाताला लोणावळ्यात मोजायची. हे दोन हात एकत्र आले असते तर?

तसे ते थोडेफार आलेही. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात कुवलयानंदांचा मोठा वाटा होता. पण 'हा सराव आणि तो सराव, यांत माणूस जास्त कशानं शिकतो' हा प्रश्न घेऊन दोन गट करून बघणं आपल्याकडे रुजलं नाही.

रिद्धपूरची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, यात रिद्धपूर कुठे आलं? येतं.

रिद्धपूर म्हणजे महानुभावांचं काशी. गोविंदप्रभू इथे राहिले. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी साधारण १२७८च्या सुमारास त्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' रचलं, ते इथेच. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ, आणि म्हणूनच २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं ते आमच्या गावात.

शाळेत आपल्याला एवढंच शिकवतात. पण एखादी माहिती कशी गोळा करावी, याचा धडा म्हणून लीळाचरित्राकडे बघा. नागदेवाचार्यांना आठवत होतं तेवढं म्हाइंभटांनी घेतलं, आणि मग ज्यानं ज्यानं स्वामींना पाहिलं होतं त्याला त्याला गाठून विचारलं. गोष्ट कुठे घडली, तेव्हा कोण होतं, काय बोलणं झालं. पंथाची परंपरा सांगते की पुढे खलजींच्या धाडींच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ती उभी कशी राहिली? आठवणीतून! ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. यात हिराइसा या बाईंचं नाव मोठं आहे. त्यांची स्मरणशक्ती परंपरेत प्रसिद्ध, आणि त्यांच्या नावानं लीळाचरित्राचा एक पाठच ओळखला जातो. आणि जिथे दोघांच्या आठवणीत फरक पडला तिथे अमका असं सांगतो, तमका तसं, अशी नावानिशी नोंद पोथ्यांत सापडते.

एवढा ग्रंथ पाठ कसा राहत असेल? 'दैवी देणगी' असं म्हणून सोडून देता येतं. पण १९८० साली अमेरिकेत अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फॅलून यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्यानं हे उत्तर पुरेसं नाही हे दाखवलं. त्यांनी एक साधा कॉलेजचा विद्यार्थी घेतला. सेकंदाला एक या वेगानं आकडे वाचून दाखवायचे, त्यानं ते ओळीनं परत म्हणायचे. सुरुवातीला तुमच्या-माझ्यासारखे त्याला ७ आकडे जमायचे. वीस महिन्यांत मिळून सुमारे २३० तास सराव केल्यावर तो ७९ आकडे म्हणायला लागला!

कसं केलं त्यानं? तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३, ४, ९, २ असे आकडे आले की तो ते '३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाची जागतिक विक्रमाजवळची वेळ' असं लक्षात ठेवायचा. म्हणजे सुट्या आकड्यांना त्यानं आधीच ओळखीच्या असलेल्या खुंटीवर टांगलं. आणि गंमत म्हणजे आकड्यांऐवजी अक्षरं दिली की स्वारी पुन्हा सहा-सातवर! स्मरणशक्ती 'वाढली' नव्हतीच. एका विशिष्ट कामाचं कसब तयार झालं होतं.

आता लीळाचरित्राची बांधणी बघा. छोट्या छोट्या लीळा, प्रत्येकीला नाव, आणि बहुतेक लीळांना गाव, देऊळ, झाड, ओटा असा ठावठिकाणा. महानुभावांची 'स्थानपोथी' तर निव्वळ या जागांचीच नोंद आहे. मला तर हे खुंट्यांचं जाळंच वाटतं. श्रद्धेनं जागा जपल्या गेल्या, आणि जागांनी आठवणी जपल्या. (हा माझा तर्क, पंथाचं म्हणणं नव्हे.)

आणि इथे बायका मधोमध आहेत, हेही बघा. महदाइसा, हिराइसा. आखाड्याच्या उंबऱ्याशी जी थांबवली गेली, तिनं इथे अख्खा ग्रंथ पेलला. देणगी कुणाला मिळते हा प्रश्न नंतरचा. सरावाला बसू कुणाला देतात, हा आधीचा.

हा विषय आहे तरी का?

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. मंडळाचा चमू १९४९ साली स्वीडनच्या लिंगियाडमध्येही जाऊन आला. स्वतंत्र भारतात १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई कॉलेज आलं, १९६१ मध्ये पतियाळाला प्रशिक्षकांची राष्ट्रीय संस्था आली आणि १९६७ साली अमरावतीत मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय.

तिकडे अमेरिकेत याच दशकात भांडण पेटलं होतं. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९६३ साली विचारलं, की शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर अभ्यासक्रम हवेतच कशाला? १९६४ मध्ये बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्रींनी एका निबंधात त्यावर भूमिका मांडली, की हा स्वतंत्र ज्ञानशाखेचा विषय आहे, फक्त त्यानं शिट्टी वाजवण्यापलीकडे जाऊन प्रश्न विचारायला हवेत. हेन्रींनी स्वतः तेच केलं होतं. 'खेळाडू' नावाचं एकसंध कौशल्य नसतं, एका हालचालीतली तयारी दुसऱ्या हालचालीत आपोआप उतरत नाही, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं.

आणि मग प्रयोगांची रांग लागली. दोन सांगतो.

१९७८ : रॉबर्ट कर आणि बर्नार्ड बूथ यांनी लहान मुलांना छोट्या पिशव्या नेमावर फेकायला लावल्या. आठ वर्षांच्या मुलांत एका गटानं सगळा सराव ३ फुटांवरून केला. दुसऱ्या गटानं २ आणि ४ फुटांवरून केला, ३ फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा ३ फुटांवरूनच. जिंकलं कोण? दुसरा गट!

१९७९ : जॉन शिया आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली शिकवल्या. एका गटाला आधी पहिली पूर्ण, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाला तिन्हींची सरमिसळ. शिकताना पहिला गट झकास आणि दुसरा धडपडत होता. पण दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी तपासलं तेव्हा सरमिसळवाल्यांच्या जास्त लक्षात होतं.

याचा अर्थ फार त्रासदायक आहे. सराव करताना 'मस्त जमतंय' असं वाटणं हा शिकल्याचा पुरावा नाही. उलट थोडं अडखळत केलेलं जास्त टिकू शकतं. आपल्याला हे आतून कधीच कळत नाही, म्हणून बाहेरून मोजावं लागतं.

अर्थात यालाही मर्यादा आहेत. सरमिसळीचा परिणाम प्रयोगशाळेत जितका ठसठशीत दिसतो तितका प्रत्यक्ष मैदानावर दिसत नाही. आणि एरिक्सनच्या सरावाच्या सिद्धांतावरून जो 'दहा हजार तास'चा गजर झाला, त्याबद्दल तर सावधच राहावं. २०१४ साली ब्रूक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खेळातल्या माणसा-माणसांमधल्या फरकापैकी साधारण १८ टक्के फरकच अशा सरावानं समजावता आला. बाकी शरीर, वय, संधी, पैसा, नशीब.

सोळाशे मीटर

हे सगळं मी का वाचत बसतो? कारण गावाकडे गेलं की पहाटे रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतात. ऑलिम्पिकसाठी नाही, पोलीस भरतीसाठी. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी ५० गुणांची. संत्र्याचा भाव पडलेला, बी.ए. करून झालेलं, भरती कधी निघेल याचा नेम नाही आणि वयाची अट अंगावर येतेय. अर्ध्या गुणानं नाव यादीबाहेर जातं. 'खेळाचं विज्ञान' हा शब्द ज्यांच्यासाठी खरोखर भाकरीचा आहे अशी माणसं कुठे असतील तर ती इथे आहेत.

गेल्या दिवाळीत त्यातल्या एकाशी बोलणं झालं. म्हटलं, कसा करतो रे सराव?

"दादा, रोज सोळाशे मारतो ना फुल. सा महिने झाले. टायमिंग काही हलूनच नाही राह्यलं."

"अन् गुडघे?"

"ते तर दुखतेच."

रोज तेवढंच अंतर, तेवढ्याच जोरात, तोच रस्ता. कर आणि बूथ यांचा पहिला गट! खरं तर धावण्यात कसबापेक्षा हृदय-फुप्फुसांचा भाग मोठा, पण तिथेही उत्तर जुनंच आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी अंतराचे तुकडे पाडून, मधे ठोक्यांवर नजर ठेवत विश्रांती देऊन सराव घ्यायची पद्धत बसवली. गेर्शलरच्या रुडॉल्फ हार्बिगनं १९३९ साली ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत मारलं, आणि तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. म्हणजे अमरावतीची पोरं बर्लिनला गेली होती त्याच काळात, त्याच देशात, आमच्या पोराच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तयार होत होतं. तिथून ते रिद्धपूरच्या रस्त्यापर्यंत अजून पोचलेलं नाही. पदव्या पोचल्या, पुस्तकं ग्रंथालयात पोचली, पण या पोराला कुणी एवढंही सांगितलं नाही की बाबा, आठवड्यातले बरेचसे दिवस बोलत बोलत पळता येईल इतकं हळू पळ, एक-दोन दिवस ४०० मीटरचे जोरदार तुकडे घे, आणि पूर्ण १६०० क्वचितच मार.

याला 'आपले लोक आळशी' वगैरे कारण नाही. प्रयोगाचं ज्ञान निबंधात राहतं, निबंध इंग्रजीत राहतो, आणि भरतीच्या क्लासवाल्याचा धंदा दंडुक्यावर चालतो. १९२४च्या उन्हाळी वर्गामागची कल्पना होती ती हीच दरी भरायची. शिकलेल्यानं गावी जाऊन शिकवायचं. त्या कल्पनेला शंभर वर्षं उलटून गेली, आणि ती आजही मला तेवढीच ताजी वाटते.

मग करायचं काय?

माझ्याकडे मोठा उपाय नाही. एक छोटा आहे, आणि तो लोणावळा आणि रिद्धपूर दोघांकडून उसना घेतलेला आहे. वही.

पळणाऱ्या पोरा-पोरींनी दोघा-चौघांत मिळून एक वही ठेवावी. तारीख, काय केलं, किती वेळ लागला, काय दुखलं. चारशेचा तुकडा संपला की घड्याळ बघायच्या आधी आपला अंदाज बोलायचा, तो लिहायचा, मग घड्याळ बघायचं. (स्वतःचा अंदाज आधी केला आणि मग उत्तर पाहिलं, तर शिकणं जास्त टिकतं असं या क्षेत्रातले प्रयोग सांगतात. शिवाय सोळाशे मीटरमध्ये पहिल्या चारशेतच दम घालवणाऱ्याला वेगाचा अंदाज येणं ही अर्धी लढाई आहे.) कुणा दादानं काही सांगितलं तर कुणी सांगितलं तेही लिहायचं, आणि दुसऱ्यानं उलट सांगितलं तर तेही, नावासकट. दीड-दोन महिने करून बघायचं. चाललं नाही तर 'चाललं नाही' असं स्वच्छ लिहायचं. मोडलेल्या गुडघ्याचीही नोंद हवी, कारण आखाड्यानं नेमकी तीच ठेवली नाही.

म्हाइंभटांनी साडेसातशे वर्षांपूर्वी याच गावात दहा जणांना विचारून, त्यांच्यातला फरक न लपवता, लिहून ठेवलं. त्यासाठी त्यांना ना अनुदान लागलं ना प्रयोगशाळा. सोळाशे मीटरसाठीही शंभर पानी वही आणि एक साधं घड्याळ पुरतं. त्या दिवाळीत भेटलेल्या पोरानं वही सुरू केलीय. पहिल्या आठवड्यातले त्याचे सगळे अंदाज पाच-सात सेकंदांनी चुकले होते, आणि ते त्यानं खाडाखोड न करता तसेच ठेवले आहेत.